शेजारी बसायची परवानगी

बिलं मंजूर करण्याचं काम ऑटोमेट करायचं होतं. पुरवठादाराचं बिल येतं, ते खरेदी ऑर्डरशी आणि माल मिळाल्याच्या नोंदीशी ताडून पाहिलं जातं, तिन्ही जुळलं की पैसे सुटतात. लेखा विभागात याला थ्री-वे मॅच म्हणतात. बजेट मंजूर झालं, टूल ठरलं, टीम मिळाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाडं अडलं ते माझ्या एका साध्या मागणीवर: जी माणसं रोज ही बिलं नोंदवतात त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून मला त्यांचं काम बघायचं होतं.

पहिलं उत्तर आलं, "एसओपी आहे ना, ती वाचा." एसओपी म्हणजे काम कसं करायचं याची लेखी कार्यपद्धती. वाचली. व्यवस्थित होती, पण ऑडिटसाठी लिहिलेली. प्रत्येक बिल शहाण्यासारखं जुळतं असं धरून चाललेली.

मग म्हणाले, वर्कशॉप घेऊ. घेतलं. विभागप्रमुख बोलत होते आणि ज्यांच्या हातून काम होतं ते मान डोलावत होते. त्यांना विचारलं तर सांगायचे, "बिल उघडतो, पीओ (खरेदी ऑर्डर) बघतो, सेव्ह करतो." ते काही लपवत होते असं अजिबात नाही. हाताला वळण पडलेलं काम तोंडाने सांगायला बसलं की निम्मं आठवतच नाही. ह्यू बेयर आणि कॅरन होल्ट्झब्लाट या डिझाइन क्षेत्रातल्या दोघांनी 1990 च्या दशकात कॉन्टेक्स्च्युअल इन्क्वायरी, म्हणजे कामाच्या जागीच जाऊन विचारपूस करण्याची पद्धत, सविस्तर मांडली ती याच अडचणीवर. कारागिराजवळ शिकाऊ पोरगा बसतो तसं बसायचं, काम चालू असतानाच विचारायचं.

हे पटवल्यावर तोंडी होकार मिळाला आणि "आता फक्त रिक्वेस्ट टाका" असं सांगण्यात आलं. त्या "फक्त" शब्दाचा राग मला अजून आहे.

रिक्वेस्टच्या फॉर्ममध्ये पहिलाच सक्तीचा रकाना होता: कोणत्या सिस्टीमचा ॲक्सेस हवा? मला ॲक्सेस नको होता. पण तसं लिहायची सोय नव्हती, म्हणून लेखा प्रणालीचं नाव निवडलं आणि खाली स्पष्ट लिहिलं की लॉगिन नको, नुसतं बघायचं आहे. उत्तर आलं, "आपल्या पदाला हा ॲक्सेस लागू नाही," आणि तिकीट बंद. "इतर" खाली पुन्हा टाकलं तर ते जागावाटप बघणाऱ्यांकडे गेलं. त्यांनी विचारलं, कायमची जागा हवी की तात्पुरती? तिथून फिरत ते माहिती सुरक्षेकडे पोचलं. त्यांची हरकत मात्र रास्त होती. स्क्रीनवर पुरवठादारांचे बँक खाते क्रमांक दिसतात, ते बाहेरच्या माणसाने का बघावेत? पण ही हरकत माझ्यापर्यंत आली ती "प्रलंबित" या एका शब्दात. कुणाकडे प्रलंबित, कशासाठी, काही नाही. रोज सकाळी मी ते पान उघडत होते आणि तिकडे डेव्हलपर एसओपी समोर ठेवून स्क्रीन बांधायला लागले होते. त्यांचा दोष नाही, त्यांची तारीख जवळ आली होती.

शेवटी मनुष्यबळ विभागाचा वेगळा फॉर्म आला. त्यात रकाना: अपेक्षित निष्कर्ष. निरीक्षणाला जाण्याआधी निष्कर्ष लिहून द्यायचा! तो ठाऊक असता तर खुर्ची मागितली कशाला असती? रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नव्हता.

तिढा सुटला तो एका पानाच्या कागदाने. त्यावर मी काय करणार यापेक्षा काय करणार नाही ते लिहिलं. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही, टिपणात कुणाचं नाव नाही. बँक तपशिलाची स्क्रीन उघडायची वेळ आली की मी उठून बाजूला होईन. वेळ मोजणार नाही. यातलं काहीही मूल्यमापनासाठी वापरलं जाणार नाही. मग विभागप्रमुख, माहिती सुरक्षा आणि मनुष्यबळ अशा तिघांना एकाच बैठकीत बसवलं आणि तिथेच सह्या घेतल्या. तुम्हाला असं काही करायचं असेल तर फॉर्मच्या मागे लागण्याआधी हा कागद तयार करा. प्रत्येकाकडे एकेक करून जाऊ नका, कारण प्रत्येकजण दुसऱ्याच्या होकाराची वाट बघत बसतो.

वेळ न मोजण्याचं वाक्य सर्वांत कामाला आलं. कारखान्यातलं काम घड्याळ लावून मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलरच्या काळापासून कामगाराशेजारी घड्याळ घेऊन उभा राहणारा माणूस म्हणजे कामाचा कोटा वाढणार, हे समीकरण पक्कं आहे. त्यात ऑटोमेशनचं नाव ऐकलं की नोकरीची धास्ती. म्हणून तो कागद मी बिलं नोंदवणाऱ्या प्रत्येकाला वाचायला दिला.

आणि मग जे दिसलं त्यासाठी ही सगळी खटपट सार्थ होती.

सुरुवातीला सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं. कुणी बघत असलं की माणूस सरळ वागतो. थोडं थांबायचं, कामाचा रेटा आला की खरी पद्धत बाहेर येते. माझ्या शेजारच्या ताईंनी एक बिल उघडलं, क्रमांक टाकताना मधली आडवी रेघ आणि सुरुवातीची शून्यं गाळली आणि पुढे गेल्या. मी विचारलं, हे का? "रेघ असलेला आणि नसलेला नंबर सिस्टीमला वेगळे वाटतात हो. एकच बिल मेलने येतं, मग कागदावर येतं. रेघ ठेवली तर दोनदा पैसे जातील." हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. सगळी टीम तो पाळत होती. आमचा स्कॅनर मात्र रेघेसकट नंबर उचलणार होता.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. जी बिलं जुळत नाहीत त्यांना "होल्ड" लावतात. डिझाइनमध्ये होल्ड म्हणजे दरात फरक, म्हणून पुरवठादाराला आपोआप मेल जाणार होता. ताईंच्या कीबोर्डखाली एक कागद होता, त्यावर काही बिलांपुढे "गोदाम" आणि काहींपुढे "दर" असं पेन्सिलीने लिहिलेलं. "गोदाम" म्हणजे माल आलाय, पण गोदामाने नोंद केलेली नाही. ती बिलं त्या फोन करून सोडवायच्या. डिझाइन तसंच राहिलं असतं तर आमच्याच गोदामाच्या दिरंगाईबद्दल आम्ही पुरवठादारांना नकाराचे मेल धाडत बसलो असतो.

"लॉग बघायचा, प्रोसेस मायनिंग करायचं," असं मला अनेकांनी सुचवलं होतं, म्हणजे सिस्टीममध्ये आपोआप पडणाऱ्या नोंदींवरून काम कसं चालतं ते काढायचं. ते करावंच. बिल कुठे किती पडून राहतं ते त्यातून बरोबर कळतं. पण लॉगमध्ये दोन्ही प्रकारांपुढे एकच शब्द होता, होल्ड. पेन्सिल लॉगमध्ये उतरत नाही.

आता होल्डची दोन कारणं वेगळी निवडावी लागतात. गोदामाचं कारण असेल तर सूचना गोदामाला जाते. बिल क्रमांक तपासण्याआधी सारखा करून घेतला जातो. ताईंनी ते चालताना पाहिलं तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला, कारण दोन्ही नियम त्यांचेच होते.

राहिलेलं एक-दोन सांगते. टिपण हातानेच लिहा, लॅपटॉप उघडला की समोरचा बोलायचा थांबतो. त्याच संध्याकाळी ते टिपण त्या माणसाला दाखवा, निम्म्या दुरुस्त्या तिथेच होतात. महिनाअखेरीचा एक तरी दिवस परवानगीत आधीच लिहून घ्या. "त्या दिवशी गडबड असते, नंतर या" असं तुम्हाला नक्की सांगतील, आणि तोच दिवस बघायचा असतो. आणि फॉर्ममध्ये अपेक्षित निष्कर्ष विचारलाच, तर "कामाच्या पायऱ्यांची यादी" एवढंच लिहा. ते चालतं.