फिनिक्समधली तिसरी इनिंग

लॉस एंजेलिसहून पहाटेच निघालो. पाम स्प्रिंग्जजवळच्या पवनचक्क्या मागे पडल्या की पुढे नुसतं वाळवंट. ब्लाइथला कोलोरॅडो नदी ओलांडून अ‍ॅरिझोनात शिरलो आणि हात वर करून उभे असलेले उंच सग्वारो निवडुंग दिसू लागले. सहाशे किलोमीटरचा रस्ता, पण जीव सगळा मैदानात अडकलेला. माझे डॉजर्स, म्हणजे लॉस एंजेलिसचा बेसबॉल संघ, प्लेऑफचे पहिले दोन सामने हरून बसले होते. या फेरीत पाचांतले तीन जिंकायचे असतात. आज हरलं की वर्ष संपलं.

११ ऑक्टोबर २०२३, फिनिक्सचं चेस फील्ड स्टेडियम. भाचा फिनिक्सचाच झालेला, समोरच्या डायमंडबॅक्स संघाचा लाल टी-शर्ट घालून दारात उभा. "मामा, आज मी तुझ्या बाजूने नाही हं!"

स्टेडियममध्ये शेजारी सत्तरीच्या एक आजी होत्या. मांडीवर स्कोअरकार्ड, हातात पेन्सिल. प्रत्येक बॅटरपुढे पत्त्यातल्या चौकटसारखी छोटी आकृती असते. त्याची धाव पूर्ण झाली की ती काळी करायची.

तिसऱ्या इनिंगमध्ये डायमंडबॅक्सच्या नवव्या नंबरच्या पेर्दोमोने आमच्या पिचरला, लान्स लिनला, होम रन मारला, म्हणजे बॉल थेट मैदानाबाहेर. मग मार्टेने. मग वॉकरने. मोरेनोचाही बॉल उंच गेला, होम रन दिला गेला, आजींनी चौकट भरली, आमची अख्खी रांग उभी राहिली. मग निर्णय फिरला: फाऊल, म्हणजे बॉल बाजूच्या रेषेबाहेरून गेलेला. आजींनी खोडरबर काढला, पुसलं, कागदावरची भुकटी हलकेच फुंकली. आणि त्याच पाळीत मोरेनोने पुन्हा बॉल बाहेर धाडला! प्लेऑफमध्ये एका संघाने एकाच इनिंगमध्ये चार होम रन मारल्याचं याआधी कधीच घडलं नव्हतं. हरत होतो, तरी अंगावर काटा आला.

मधल्या इनिंग्जमध्ये भाच्याशी वाद रंगला. १६२ सामन्यांच्या मोसमात डॉजर्सने १०० जिंकले होते, डायमंडबॅक्सने ८४. आदल्याच रात्री १०१ विजयांच्या बाल्टिमोरलाही टेक्सासने सलग तिसऱ्यांदा हरवून घरी पाठवलं होतं. (१०४ विजयांचा अटलांटाचा ब्रेव्हज संघ दुसऱ्या दिवशी गेला.) अशा वरच्या संघांना आधीची फेरी खेळावी लागत नाही; त्या पाच दिवसांच्या विश्रांतीने हात गंजतात, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. डॉजर्सचे बॅटर बेट्स आणि फ्रीमन या दोघांना मिळून मालिकेत २१ प्रयत्नांत एकच हिट मिळाली, त्याचं खापर सुट्टीवर कसं फोडायचं? माझी तक्रार वेगळी आहे. आयपीएलमध्ये पहिल्या दोन संघांना प्लेऑफमध्ये एकदा हरूनही आणखी एक संधी मिळते. सहा महिन्यांच्या मेहनतीचं तेवढं मोल इथेही हवं. ही फेरी सात सामन्यांची करा.

"पण मामा, आज दोन्ही संघांना नऊ इनिंग्जचे सत्तावीसच आऊट आहेत ना?" भाचा म्हणाला. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो बरोबरच होता.

सातव्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या दोन धावा आल्या आणि माझी आशा जागी झाली. पण पुढे काहीच नाही. ४-२. थोड्या वेळाने डायमंडबॅक्सच्या खेळाडूंनी मैदानालगतच्या स्विमिंग पूलमध्ये उड्या घेतल्या. भाच्याचा आवाज पार बसला होता.

आजींनी कार्डाच्या कोपऱ्यात तारीख घातली आणि मी बघतोय म्हणून ते माझ्यापुढे धरलं. तिसऱ्या इनिंगच्या रकान्यात चार काळ्या चौकटी. शेवटच्या चौकटीच्या कडेला खोडरबरचा करडा डाग अजून दिसत होता.