आमची वाटचाल : सर्व्हरवरील अँटिव्हायरस अद्ययावत ठेवताना

नागपूरच्या धरमपेठेतील दोन खोल्यांत आमची फर्म सुरू झाली, तेव्हा इतवारी आणि गांधीबागेतील पेढ्यांचे संगणक दुरुस्त करणे एवढेच आमचे काम होते. पुढे या पेढ्यांनी ईमेलसाठी आणि फायलींसाठी स्वतःचे लिनक्स सर्व्हर घेतले, तेव्हा त्यांवर क्लॅमएव्ही हे मुक्त अँटिव्हायरस आम्ही बसवून दिले. त्याची व्हायरस डेफिनिशन्स, म्हणजे ज्ञात व्हायरस ओळखण्याची यादी, आमचा माणूस दर शनिवारी प्रत्यक्ष जाऊन अपडेट करीत असे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फायली अडवून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर काही दिवसांतच जगभर पसरले आणि दर शनिवारची ही फेरी अपुरी आहे, हे आम्हाला मान्य करावे लागले.

मग प्रत्येक सर्व्हरवर क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या लिनक्सच्या सोयीत, रात्री दोनची वेळ लावून फ्रेशक्लॅम हा डेफिनिशन्स उतरवणारा क्लॅमएव्हीचा प्रोग्राम आपोआप चालेल, अशी व्यवस्था केली. फ्रेशक्लॅमची सतत चालणारी सेवा आणि क्रॉन ही दोन्ही एकाच वेळी लॉग फाइल धरू पाहतात व एकाचे काम अडते, म्हणून ती सेवा आम्ही बंद केली. रोज येणाऱ्या मेलचा त्रास नको म्हणून कामाचा सगळा संदेशही दडपून टाकला. हा निर्णय माझा होता आणि तो चुकीचा होता.

इतवारीतील एका पेढीत वार्षिक तपासणीच्या वेळी डेफिनिशनच्या फाइलची तारीख पाहिली, तर ती ४१ दिवस जुनी निघाली. उन्हाळ्यात आगीच्या भीतीने दुकान बंद करताना मेन स्विच पाडला जाई. सर्व्हर इन्व्हर्टरवर चालू राही, पण राऊटर बंद पडे, त्यामुळे रात्री दोन वाजता अपडेटला इंटरनेटच मिळत नसे. क्रॉन आपले काम वेळेवर सुरू करीत होते, फ्रेशक्लॅम दर रात्री अपयशाची नोंद करीत होते आणि ती नोंद वाचणारे कोणी नव्हते. नुकसान झालेले आढळले नाही. तरीही इतके दिवस आलेले प्रत्येक पत्र जुन्याच यादीवर तपासले गेले, हे सेठजींना समोर बसून सांगताना मला फार जड गेले.

त्यानंतर क्रॉनमधील नोंद काढून आम्ही फ्रेशक्लॅमची सेवाच पुन्हा सुरू केली. तिच्या मूळ मांडणीत दिवसाला १२ वेळा तपासणी होते. नवी आवृत्ती आली आहे का, हे ती आधी डीएनएसच्या, म्हणजे इंटरनेटवरील नावांचे पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेच्या, एका छोट्या नोंदीवरून पाहते आणि शक्य तेथे फक्त बदललेला भाग उतरवते, त्यामुळे वारंवार तपासल्याने इंटरनेटवर विशेष भार येत नाही.

आमच्या कार्यालयात मात्र वेगळीच अडचण आली. ग्राहकांसाठी तयार होणारे अनेक सर्व्हर इंटरनेटवरील एकाच सार्वजनिक पत्त्यावरून पूर्ण फायली मागू लागले आणि क्लॅमएव्हीच्या वितरण व्यवस्थेने ४२९ हा ‘फार वेळा मागणी झाली’ असे सांगणारा संकेत देऊन आम्हाला काही काळ थांबवले. हजारो लोकांना फुकट मिळणाऱ्या सेवेवर आपण विनाकारण ओझे टाकत होतो, हे तेव्हा ध्यानात आले. आता कार्यालयातील एकच यंत्र फायली उतरवते आणि बाकीचे त्याच्याकडून घेतात.

सर्व्हरच्या स्मृतीचाही (रॅमचा) हिशेब ठेवावा लागतो. नवी डेफिनिशन्स भरताना क्लॅमडी ही क्लॅमएव्हीची सतत चालणारी तपासणी सेवा जुनी यादी सोडण्याआधी नवी यादी बाजूला उभी करते आणि तेवढ्यापुरती दुप्पट जागा व्यापते. २ जीबी रॅमच्या सर्व्हरवर ही सेवा त्या क्षणी बंद पडलेली आम्ही पाहिली आहे. अशा ठिकाणी आम्ही रॅम वाढवायला सांगतो, आणि ते जमत नसेल तर जुनी यादी आधी सोडण्याचा पर्याय निवडतो, मग तपासणी थोडा वेळ थांबली तरी चालते.

आज आमची सर्वांत महत्त्वाची तपासणी वेगळ्या यंत्रावरून होते. ते यंत्र रोज सकाळी प्रत्येक सर्व्हरला त्याच्याकडील डेफिनिशन्स किती जुनी आहेत एवढेच विचारते, आणि उत्तर तीन दिवसांहून अधिक आले किंवा आलेच नाही, तर आम्ही त्या पेढीला फोन करतो. इतवारीतील त्या पेढीचा राऊटरही आता इन्व्हर्टरवर आहे, आणि ती जोडणी सेठजींनी स्वतः उभे राहून करून घेतली.