तुम्ही विचारलंत म्हणून: दोन वर्षांत खरंच नर्स होता येतं का?

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, नाशिकहून येणाऱ्या फोनवर, मुलांना शाळेतून आणताना पार्किंगमध्ये, सगळीकडे मला हा प्रश्न विचारतात. विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे न्यू जर्सीत आलेल्या, हातात भारतातली पदवी असलेल्या आणि आता पुढे काय करायचं या विचारात पडलेल्या. "कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची डिग्री करून नर्स होता येतं म्हणे. खरी नर्स? की मदतनीस?"

खरी नर्स. मी स्वतः याच वाटेने झाले. कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे स्थानिक, कमी फीच्या कॉलेजातून, नर्सिंगची दोन वर्षांची असोसिएट डिग्री घ्यायची, मग एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा द्यायची आणि राज्याच्या नर्सिंग बोर्डाचा परवाना मिळवायचा. चार वर्षांची बीएसएन, म्हणजे नर्सिंगची पूर्ण पदवी, केलेली मुलगीही हीच परीक्षा देते, तिला आणि आपल्याला पास व्हायची पातळीही एकच. नंतर बॅजवर दोघींच्याही नावापुढे आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स. भारतात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग केलेल्यांनी मात्र पुन्हा कॉलेजात जायची घाई करू नये. कागदपत्रं तपासून घेऊन त्यांना बहुतेक थेट एनक्लेक्सला बसता येतं आणि ती परीक्षा भारतातही देता येते.

फसवा आहे तो "दोन वर्षं" हा हिशोब. ही दोन वर्षं नर्सिंगच्या वर्गात पाऊल ठेवल्यापासून मोजतात. त्याच्या आधी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीची दोन सेमिस्टर, मायक्रोबायॉलॉजी, मानसशास्त्र, इंग्रजी, बऱ्याच ठिकाणी स्टॅटिस्टिक्स, आणि प्रवेशासाठी टीससारखी परीक्षा. माझं बी.कॉम. होतं. मार्कशीटचं मूल्यमापन करून घेतल्यावर इतर काही विषयांचे क्रेडिट मिळाले, पण विज्ञान पहिल्यापासून करावं लागलं. दहावीनंतर विज्ञानाला हात लावला नव्हता. मुलं झोपल्यावर स्वयंपाकघराच्या टेबलावर हाडांची चित्रं मांडून बसायचे आणि खरं सांगते, मला ते फार आवडायचं. मूत्रपिंड रक्तातलं मीठ-पाणी कसं राखतं हे पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा सासऱ्यांच्या गोळ्यांच्या डब्यातली प्रत्येक गोळी मला वेगळी दिसायला लागली.

ही डिग्री आली कुठून, हेही सांगण्यासारखं आहे, कारण तिच्याकडे बघण्याची नजर त्याने बदलते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नर्सेसचा मोठा तुटवडा होता. तोवर बहुतेक मुली इस्पितळातच राहून तीन वर्षं शिकायच्या आणि शिकता शिकता त्या इस्पितळाचं कामही उपसायच्या. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये डॉक्टरेटचं संशोधन करणाऱ्या मिल्ड्रेड माँटॅग यांनी 1951 साली वेगळा आराखडा मांडला. नर्सिंगचं शिक्षण इस्पितळाच्या गरजेतून सोडवून कॉलेजात आणायचं आणि दोन वर्षांत बसवायचं. 1952 मध्ये मोजक्या कॉलेजांत प्रयोग सुरू झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या मिडलटाउनचं ऑरेंज काउंटी कम्युनिटी कॉलेज त्यांतलं एक. या शिक्षणाची दारं लग्न झालेल्या, मुलं असलेल्या, वयाने मोठ्या बायकांना आणि पुरुषांनाही उघडी झाली. इस्पितळाच्या वसतिगृहात राहायची अट असती, तर माझ्यासारखीला ही वाट बंदच होती.

आता शिकवतात काय? सुया टोचायला आणि बीपी घ्यायला शिकवतात, ते आहेच. पण त्याला सराव लागतो आणि सरावाने ते जमतं. अवघड भाग वेगळा आहे. परीक्षेत कसा प्रश्न येतो ते सांगते. तुमच्याकडे चार पेशंट आहेत. एकीचं काल ऑपरेशन झालंय आणि ती दहापैकी सात दुखतंय म्हणते. एकाची जेवणाआधीची साखर 210 आहे. एकाला घरी जायचे कागद हवेत म्हणून तो चिडलाय. चौथा न्यूमोनियाचा आहे, सकाळी शांत होता, आता अस्वस्थ होऊन सारखा गाऊन ओढतोय. आधी कोणाकडे जाल?

चौथ्याकडे. शरीरात प्राणवायू कमी पडायला लागला की ओठ निळे पडायच्या कितीतरी आधी माणूस अस्वस्थ होतो. ओरडणारा आणि मागणारा पेशंट लक्ष वेधून घेतो, आणि ज्याचं खरंच बिघडतंय तो काही मागतही नाही. नर्सिंगचं सगळं शिक्षण मला या एका गोष्टीभोवती दिसतं. बदल आधी दिसला पाहिजे, त्याचा अर्थ लागला पाहिजे आणि मग पाय उचलला पाहिजे. एप्रिल 2023 पासून एनक्लेक्सही याच दिशेने बदलली आहे. एकाच पेशंटच्या नोंदी, लॅबचे आकडे, तासातासाचे बदल समोर ठेवतात आणि त्यावर प्रश्नांची साखळी विचारतात. परीक्षा संगणकावर असते, तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा किंवा कठीण होतो. कमीत कमी 85 प्रश्न, जास्तीत जास्त 150, वेळ पाच तास. पाठांतरावर ती निघत नाही. आपल्याकडच्या परीक्षांत वाढलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, हे मनाची तयारी म्हणून सांगते.

औषधांच्या हिशोबाचा पेपर वेगळा असतो आणि त्यात पास होण्याची पातळी फार वर ठेवतात, काही कॉलेजांत नव्वद टक्के, काही ठिकाणी पैकीच्या पैकी. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना 0.5 असं शून्य आधी लिहायचंच, आणि पाच मिलिग्रॅमला 5.0 असं नंतर शून्य जोडायचं नाही. टिंब नजरेतून सुटलं तर पाचाचे पन्नास होतात. पोटॅशियम शिरेतून थेट ढकलायचं नाही, कधीच नाही, त्याने हृदय थांबू शकतं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध द्यायच्या आधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे आणि मोठ्या माणसाचे साठच्या खाली असतील तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवायचं. डॉक्टरांनी लिहून दिलंय एवढं कारण पुरत नाही. देणारा हात आपला, म्हणून जबाबदारीही आपली, हे पहिल्या सेमिस्टरपासून शिकवतात.

आणि आता तो दुसरा प्रश्न, जो नाशिकहून जास्त येतो. "इतकं शिकून लोकांची अंगं पुसायची?"

हो, अंग पुसते. मदतनीस असतात, तरी जमेल तेव्हा मी स्वतः जाते. क्लिनिकलला, म्हणजे इस्पितळातल्या प्रत्यक्ष शिक्षणाला, आमच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की पेशंटची आंघोळ हीच तुमची सगळ्यात पूर्ण तपासणी. पाठीच्या खाली, माकडहाडावर, टाचांवर कातडी कशी आहे हे त्या वेळी दिसतं. तिथे लाली असली आणि बोटाने दाबल्यावर ती फिकी पडत नसली, तर बेडसोअरची सुरुवात झालेली असते. गोऱ्या कातडीवर हे सहज दिसतं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली बऱ्याचदा दिसतच नाही. तिथे हात ठेवून बघावं लागतं, आजूबाजूपेक्षा जागा गरम आहे का, थंड आहे का, घट्ट लागते की पिचपिचीत. हे कळणारा हात त्या खोलीत असणं किती मोलाचं आहे, हे ज्यांच्या घरात कुणी महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलंय त्यांना मी सांगायला नको. या कामाला कमी लेखणारं कुणी बोललं की मला मनापासून वाईट वाटतं.

क्लिनिकलमधलीच आणखी एक गोष्ट. आमच्या भागात आपली माणसं खूप, तशीच ती वॉर्डातही भेटतात. मुलाकडे आलेल्या आजी, ज्यांना कुणीही विचारलं तरी उत्तर एकच, "काही नाही, बरं आहे." मी मराठीत बोलले की चेहरा सैल व्हायचा, पाय किती दिवसांपासून सुजतायत तेही बोलण्यात यायचं. ते मी ज्या नर्सच्या हाताखाली शिकत होते तिला लगेच सांगायचे. पण ऑपरेशनची संमती किंवा निदान समजावून सांगणं यासाठी दुभाष्याचं काम मला करू देत नसत, घरच्या मुलालाही नाही. त्यासाठी फोनवर प्रशिक्षित दुभाषी लावायचा. मला तो नियम पटतो. मुलगा आईला वाईट बातमी पूर्ण सांगत नाही, आणि आई मुलासमोर स्वतःचं दुखणं पूर्ण सांगत नाही.

दोन वर्षांची डिग्री चार वर्षांच्या बरोबरीची आहे का, असं विचाराल तर परवान्याच्या बाबतीत आहे, नोकरीच्या बाजारात सगळीकडे नाही. 2003 साली संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की जिथे बीएसएन नर्सेसचं प्रमाण जास्त, तिथे शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू कमी. 2010 च्या एका मोठ्या राष्ट्रीय अहवालाने 2020 पर्यंत ऐंशी टक्के नर्सेस बीएसएन असाव्यात असं म्हटलं. शेजारच्या न्यूयॉर्कने 2017 मध्ये कायदाच केला, नव्या नर्सने परवान्यानंतर दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करायची. कित्येक मोठी इस्पितळं नोकरी देतानाच तशी अट घालतात. त्यामुळे मीही आता काम करता करता ऑनलाइन बीएसएन करते आहे. तुमची मुलगी अठरा वर्षांची असेल आणि खर्च झेपत असेल, तर तिला सरळ चार वर्षांना घाला. तुम्ही स्वतः पस्तिशीच्या असाल, घर सांभाळून, काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या, रहिवाशाच्या कमी फीमध्ये शिकायचं असेल, तर मी अजूनही हीच वाट सांगेन.

एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावरून मिळालेल्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल, तर शिकता येतं. नोकरीला मात्र कामाचा परवाना लागतो, तो मिळेल कधी याचा अंदाज घेऊन सुरुवात करा. नर्सिंगच्या लायसन्सच्या अर्जाला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो का, हेही तुमच्या राज्याच्या बोर्डाला विचारा, राज्यागणिक नियम वेगळे आहेत. कॉलेजला फोन कराल तेव्हा फी शेवटी विचारा. आधी विचारा, कोर्सला राष्ट्रीय मान्यता आहे का, मागच्या काही वर्षांत पहिल्याच प्रयत्नात एनक्लेक्स किती जण पास झाले, आणि पहिल्या सेमिस्टरला बसलेल्यांपैकी शेवटपर्यंत किती टिकले. पासचे आकडे बहुतेक बोर्ड जाहीर करतात, पडताळून बघा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ज्या कॉलेजने टाळाटाळ केली, ते मी तुमच्या जागी असते तर यादीतून काढलं असतं.