आडव्या रेषेचं समीकरण

निर्देशक भूमितीचा तास होता. फळ्यावर दोन्ही अक्ष काढले, (०, ३) मधून एक आडवी रेषा ओढली आणि तिचं समीकरण विचारलं. पुढच्या बाकावरची मुलगी लगेच उठली. "एक्स = ३. एक्स-अक्ष आडवा, ही रेषाही आडवी, दोन्ही समांतर. म्हणजे ती एक्सचीच रेषा." जवळजवळ सगळ्या वर्गानं माना डोलावल्या.

ही गफलत दरवर्षी होते, पण तिचं कारण इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. त्या उत्तरात घोकंपट्टी नव्हती, विचार होता. अक्षाचं नाव आणि रेषेवरची अट या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या, इतकंच. मी ते खोडलं असतं तर तिनं 'वाय = ३' पाठ केलं असतं आणि पेपरात पुन्हा अडली असती. उत्तर फळ्यावर तसंच राहू दिलं आणि म्हटलं, "या रेषेवरचे कुठलेही चार बिंदू सांगा."

(−४, ३), (०, ३), (१, ३), (५, ३). एकाखाली एक लिहिले.

"सर, (०, ३) चा एक्स तर शून्य आहे!" मागून आवाज आला. ती मात्र मागे हटली नाही. "पण रेषा एक्सच्याच दिशेनं जाते ना?"

गाडं अडतं ते नेमकं इथे. रेषा एक्सच्या दिशेनं जाते हे अगदी खरं, आणि म्हणूनच तिच्यावर एक्स सतत बदलतो. समीकरणात मात्र त्या रेषेवरच्या प्रत्येक बिंदूला लागू पडणारी अट लिहायची असते. मी तिला त्या चार जोड्यांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवायला सांगितलं. दुसऱ्या संख्येशी ती थांबली. "वाय हलतच नाही."

"तिसऱ्या मजल्यासारखं," शेजारचा मुलगा म्हणाला. "कुठल्याही खोलीत जा, मजला तिसराच." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. वाय म्हणजे बिंदू एक्स-अक्षापासून किती वर आहे ते. खाली असेल तर ऋण.

मग दुसरी अडचण निघाली. मुलांना किमती घालून तक्ता करायची सवय. वाय = ३ मध्ये एक्स घालायला जागाच नाही! मी समीकरण ० × एक्स + वाय = ३ असं लिहिलं. कुणी १०० घातले, कुणी −७, वाय तीनच. एक्स कुठे गेला नव्हता, त्याच्यावर बंधन नव्हतं.

"मग एक्स-अक्षाचं समीकरण वाय = ०?" त्याच मुलीनं विचारलं. नाव एक्सचं आणि समीकरणात वाय, हे तिला अजून खटकत होतं. पण अक्षावरचे बिंदू तिनं स्वतःच तपासले: (२, ०), (−६, ०). उंची शून्य. फ्रेंच गणितज्ञ देकार्त यांनी १६३७ मध्ये आपली भूमिती मांडली तेव्हा त्यांच्या आकृत्यांत आजच्यासारखे दोन ठरलेले अक्ष नव्हते. एका रेषेवर एक लांबी मोजायची, तिच्या टोकापासून दुसरी. आपण मुलांना अक्ष बाण आणि नावांसकट आयते देतो, त्यामुळे अक्ष म्हणजे मोजायला सुरुवात करण्याची रेषा हे त्यांच्या नजरेतून निसटतं, असं मला ठामपणे वाटतं.

तास संपत आला होता. मी एक्स = २ ही उभी रेषा काढली. ती आडव्या रेषेला जिथे छेदत होती तिथे एकानं (२, ३) लिहिलं आणि तो फळ्यापाशीच थबकला. "म्हणजे कुठलाही बिंदू घेतला तरी त्यातून एक उभी आणि एक आडवी रेषा जाणार, आणि त्याचे निर्देशक म्हणजे त्या दोघींची समीकरणं?"

"आरंभबिंदूतून कुठल्या जातील?" मी विचारलं.

"एक्स = ०, वाय = ०," पुढच्या बाकावरून उत्तर आलं. "दोन्ही अक्षच."