तांबट आळी मालिका: हनुवटीचं कोडं सुटलं (बहुतेक)

मागच्या वेळचं रडगाणं आठवत असेलच. तांबट आळीत, म्हणजे पुण्यातल्या कसबा पेठेतल्या तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, मी कारागिरांचे फोटो काढतोय. त्यात एकाच काकांचे दोन फोटो, ६ आणि ९ नंबरचे. दोन्हींचा व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) ग्रे कार्डावरून, म्हणजे त्यासाठीच्या राखाडी पुठ्ठ्यावरून घेतलेला, तरी शेजारी ठेवले की दोघं सख्खे भाऊ वाटतात. ९ मध्ये चेहरा तापल्यासारखा केशरी. टेम्परेचर, म्हणजे फोटोतला उबदारपणा, खाली आणलं की कपाळ निळं पडायचं, ऑरेंजचं सॅच्युरेशन उतरवलं की काका आजारी. तीन रात्री गेल्या.

परवा वैतागून लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता कर्सर चेहऱ्यावर फिरवत बसलो. कपाळावर आरजीबी (लाल-हिरवा-निळा, टक्क्यांत) ७१-५५-४६, हनुवटीखाली ६६-४५-३१. निळा धाडकन खाली! म्हणजे दोषी काकांच्या मांडीवरचा तांब्याचा हंडा. खिडकीचा उजेड मठारलेल्या, म्हणजे ठोकून चमकवलेल्या, तांब्यावर पडून खालून चेहऱ्यावर येतोय. कार्ड मी छातीशी, खिडकीकडे तोंड करून धरलं होतं. त्याला हंडा दिसलाच नाही. आणि व्हाइट बॅलन्स सगळ्या फोटोला एकच लागतो, दोन रंगांच्या उजेडाला तो काय करणार?

काल पुन्हा कसबा पेठेत. हंडा हातभर बाजूला, मांडीवर काळं फडकं. काका म्हणाले, "चांगल्या कामाला काळं कशाला रे?" हनुवटी आली ६८-५२-४३. आळीतल्या ठोक्यांवर नाचायचाच बाकी होतो.

ट्यूबलाइट मात्र बंदच ठेवायची, आणखी एका रंगाचा उजेड नको. माझ्या स्वस्त एलईडी पॅनेलवरही विश्वास नाही: खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५, पण त्या सरासरीत गडद लाल, म्हणजे आर९, धरतच नाहीत. ओठ फिके येतात ते त्यामुळेच असावेत.

जुन्या ९ नंबरला हनुवटीवर मास्क टाकून टेम्परेचर उतरवत होतो, आणि निम्म्यावर हात थांबला. हा माणूस रोज त्याच तांबूस उजेडात बसतो, तो सगळा पुसून कसं चालेल? म्हणून बेत बदलला. एका माणसाचं कपाळ त्याच्या सगळ्या फोटोंत सारखं हवं; हनुवटीवर तांबं थोडं राहू दे. सगळ्या कारागिरांची कातडी एकाच रंगाला आणायचा माझा आधीचा प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग्ज) डिलीट केला. मूर्खपणा होता तो.

२४ रंगांचं कार्ड घेऊन कॅमेऱ्याच्या रंगांचं प्रोफाइल करायचं अजून बाकी आहे. ट्यूबखालचे चार फोटो पुन्हा काढावे लागणार. काकांना फोन केला, तर म्हणाले, "रविवारी ये. फडकं तुझं तू आण."