माजुलीत आपोंग गाळला की डुकरांची मेजवानी

आसामात ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर गेलो ते सत्र (वैष्णव मठ) आणि मुखवटे बघायला. पण वहीत सगळ्यात जास्त पानं भरली ती मिसिंग जमातीच्या एका घराच्या मागच्या अंगणात, डुकरांच्या हंड्यापाशी.

घर चांगघर, म्हणजे पुराच्या भीतीनं खांबांवर उचललेलं. वर माणसं, खाली डुकरं. यजमानीण बाईदेव (थोरल्या बहिणीला आसामात असंच म्हणतात) आपोंग, म्हणजे तांदळाची घरगुती बिअर, गाळत होत्या. पांढरा नोगिन आपोंग चार-पाच दिवसांत तयार होतो. काळपट पोरो आपोंगच्या भातात मात्र भाताच्या तुसाची आणि पेंढ्याची राख मिसळतात, आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात. गाळून मागे उरतो तो आंबटसर चोथा.

मी भाबडेपणानं विचारलं, "डुकरांना चढत नाही का?" बाईदेव हसल्या. चोथा तसाच थोडाच घालतात? अळूची देठं आणि कोंडा घालून तो मोठ्या हंड्यात रटरट उकळतात. अळूची खाज जाते आणि उरलासुरला अल्कोहोलही उडतो. गाभण मादीला आणि पिल्लांना मात्र त्या चोथा देतच नाहीत.

हे फुकटचं खाद्य नव्हे, हे मला तिथंच कळलं. तांदळातला बराचसा स्टार्च आंबताना खर्ची पडतो, म्हणून सुक्या चोथ्यात प्रथिनांचं प्रमाण तांदळापेक्षा चढं असतं आणि ऊर्जा कमी. त्यातही लायसिन (प्रथिनांतला वाढीला लागणारा एक घटक) कमीच पडतं. नुसत्या चोथ्यावर डुक्कर पोट फुगवेल, अंग धरणार नाही. कोंडा, मका, पेंड आणि खनिज मिश्रण जोडीला हवंच. आमच्याकडे बिअरच्या कारखान्याचा ओला चोथा गोठ्यात नेणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू पडतो.

दुसरी अडचण टिकवण्याची. चोथा पाण्यानं जड असतो आणि उन्हाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरतो. बुरशीचा चोथा उकळूनही चालत नाही, कारण बुरशीचं विष उष्णतेनं जात नाही. गाळाल त्याच दिवशी घाला, नाहीतर पातळ पसरून कडकडीत वाळवा.

आता जाणाऱ्यांसाठी. जोरहाटपासून निमाटी घाट साधारण चौदा किलोमीटर, तिथून फेरीनं कमलाबारी. परतीची शेवटची फेरी दुपारीच सुटते, तेव्हा उतरल्या उतरल्या वेळ विचारून ठेवा. हिवाळ्यात तिकडं साडेचारलाच दिवे लागतात. आली-आये-लिगांग या मिसिंगांच्या पेरणीच्या सणाच्या सुमारास, आसामी फागुन महिन्यातल्या (फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होणाऱ्या) पहिल्या बुधवारी, घराघरात आपोंग असतो. आग्रह झाला तर घोटभर घ्या, पण रिकाम्या पोटी नको. मी घेतला आणि दुपारभर झोपलो.

आणि एक. डुकरांजवळ जायचा हट्ट धरू नका. २०२० पासून आसामात आफ्रिकन स्वाइन फीवरनं हजारो डुकरं गेली आहेत, आणि हा रोग बुटांच्या चिखलातूनही पसरतो. दुसऱ्या फार्मवरून थेट येत असाल तर आधीच सांगा. मला बाईदेवांनी दहा पावलं लांबच थांबवलं. राग आला नाही, उलट त्यांच्या डुकरांबद्दल खात्री पटली.