श्टुटगार्टमधले शेवटचे तीन महिने: खोकी, शाळा आणि दोन मुलं

पुण्याला परत जायचं ठरलं तेव्हा फोनवर जो तो एकच सल्ला देत होता: "शेवटचा महिना मुलांना शाळेत पाठवू नकोस गं, तेवढंच तुझं आवरून होईल." सल्ला देणारे सगळे पुण्यातले. जर्मनीत राहणारं कुणी असं म्हणालं नसतं, कारण इथे शाळा बुडवणं आईबापांच्या मर्जीवर नसतं. शाळेची सक्ती कायद्याने आहे. सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी मुलांना घेऊन विमानतळावर दिसलात, तर बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्यात पोलीस शाळेची परवानगी विचारू शकतात आणि ती नसेल तर दंड होऊ शकतो. आमच्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात २०२५ ची उन्हाळी सुट्टी ३१ जुलैला लागत होती. म्हणजे दुसरीतली थोरली ३० तारखेपर्यंत शाळेत जाणार हे ठरलेलं. घर ३१ ला सोडायचं आणि त्याच रात्री फ्रँकफर्टहून विमान. नवरा पुण्यात नव्या नोकरीवर जूनमध्येच रुजू झाला होता. मागे उरलो मी, थोरली, चार वर्षांचा धाकटा आणि अख्खं घर.

या सक्तीचा मला वैताग येईल असं वाटलं होतं, पण घर तिच्यावरच तगलं. सकाळी डबे भरून दोघांना बाहेर काढायचंच आहे म्हटल्यावर रात्री कितीही वाजेपर्यंत खोकी बांधली तरी उठावं लागतं, भांडी घासलेली लागतात, मोजे जोडीने सापडावे लागतात. मी तेव्हाच ठरवलं की मुलांचा दिवस शेवटपर्यंत मोडू द्यायचा नाही आणि बाकी सगळं त्याभोवती बसवायचं.

घर सोडायची नोटीस तीन महिन्यांची असते. जुलैअखेर निघायचं तर ती मे महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडायला हवी, तीही कागदावर, शाईच्या सहीने. ईमेल चालत नाही. करारावर नवराबायको दोघांची नावं असतील तर सह्याही दोघांच्या. नवरा जायच्या आधी आणखी दोन कागदांवर त्याची सही घेऊन ठेवली: घराचा ताबा देताना त्याच्या वतीने मी सही करीन याचं अधिकारपत्र, आणि मुलं एकट्या आईबरोबर प्रवास करताहेत याला त्याची संमती. दुसरा कागद कुणी पाहिलाही नाही. तरी असू द्यावा.

खरी डोकेफोड होती घर कुठल्या क्रमाने रिकामं करायचं याची. पुस्तकांचं कपाट आधी, मग सोफा, मग हॉलमधलं सगळं. मुलांची खोली सगळ्यात शेवटी. ओळखीच्या एका घरात उलटं केलेलं पाहिलं होतं, खेळण्यांपासून सुरुवात, कारण ती पटकन विकली जातात. त्या घरातली मुलं दीड महिना रिकाम्या खोलीत भांडत होती. आमचा हॉल रिकामा झाल्यावर धाकट्याने तिथे सायकल आणली. खालच्या मजल्यावरच्या आजींना एरवी रविवारी खुर्ची सरकवलेलीही ऐकू येते, पण यावेळी त्या काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघराचा प्रश्न नव्या भाडेकरूने सोडवला. इथे पुष्कळ घरं ओट्याशिवायच मिळतात, सिंकसकट सगळं आपण बसवायचं आणि जाताना काढायचं. त्याने ते जसंच्या तसं विकत घेतलं, किंमत थोडी पाडून का होईना. मला शेवटच्या संध्याकाळपर्यंत वरणभात करता आला. याची किंमत पैशात करू नये.

खेळण्यांचं काय करायचं ते मुलांनाच ठरवू दिलं. जवळच्या मैदानात मुलांचा जुना बाजार भरतो, चादर अंथरायची आणि मांडून बसायचं. थोरलीने चिठ्ठ्या लावून भाव लिहिले. एक आजोबा पन्नास सेंट कमी करा म्हणाले, तर ठाम मान हलवली. धाकट्याने मात्र कमाईतून शेजारच्या चादरीवरचा, आमच्याकडच्या ट्रकपेक्षा मोठा ट्रक आणला. सामान कमी करायला गेलो होतो! उरलेलं 'फुकट न्या' अशी पाटी लावून खोक्यात घालून फाटकाशी ठेवलं. जे उन्हात ठेवलं ते दुपारपर्यंत गेलं, फुटका लॅम्पसुद्धा.

कागदांत मुलांचे कागद वेगळ्या फाइलला काढावेत. धाकट्याचा जन्म इथलाच, म्हणून नोंदणी कचेरीतून बहुभाषिक जन्मदाखला घेतला, म्हणजे भाषांतराची भानगड नाही. बालवाडीने त्याची चित्रं आणि फोटो लावलेली जाडजूड वही निरोपाला दिली. ती वजनात बसेना, म्हणून त्याने स्वतः पाठीवर घेतली. आरोग्य तपासण्यांची पिवळी वही आणि लसींचं पुस्तक हातातल्या बॅगेत. एक गोष्ट इथल्या डॉक्टरीणबाईंनी आठवणीने सांगितली: जर्मनीत १९९८ पासून बीसीजीची शिफारस नाही, त्यामुळे पुस्तकात ती दिसणार नाही आणि भारतातले डॉक्टर हमखास विचारतील. पहिल्याच भेटीत विचारलं.

संध्याकाळ अवघड जायची. उन्हाळ्यात पुणं साडेतीन तास पुढे, म्हणजे आमच्या सहाला बाबाचे साडेनऊ. तो जेवून टेकलेला आणि इथे रात्री नऊपर्यंत उजेड, मुलं बाहेर पळायला आतुर. पहिले काही फोन "हं", "नाही", "जाऊ?" एवढ्यावर संपले. मग थोरलीला वाटलं, बाबाला गणितं घालावीत. पुण्यातल्या शाळेत भागाकाराला मध्ये आडवी रेघ आणि वरखाली टिंबं, इथे नुसती दोन टिंबं. गुणाकाराला इथे फुली नाही, मध्ये एक टिंब. सातच्या पोटात आडवी रेघ. हे सगळं बाबा तिला फोनवर बदलून दाखवायचा आणि ती त्याच्या चुका काढायची. हा तास दोघांनी आपणहून बसवला, मी फक्त फोन धरून उभी.

गाव सोडल्याची नोंद नगरपालिकेत निघण्याच्या फार तर एक आठवडा आधी करता येते, त्यापूर्वी घेतच नाहीत. आणि त्या एका कागदावर पुढचं सगळं अडलेलं: आरोग्य विमा, रेडिओ-टीव्हीची महिना १८.३६ युरोची वर्गणी. मुलांच्या सरकारी भत्त्याचंही लगेच कळवावं. मुलामागे महिना २५५ युरो येत होते, देश सोडल्यावरही खात्यात पडत राहिले तर परत मागतात. इंटरनेटवाल्यांना मात्र महिनाभर आधी कळवायला लागतं, परदेशी जाणाऱ्यांना करार मध्येच तोडायची मुभा आहे.

या सगळ्या धावपळीत शेवटच्याच आठवड्यात आमच्या दारावर जिना झाडायची पाटी लटकली. श्टुटगार्टच्या या श्वाबेन मुलखात पाळीपाळीने ही 'केअरवोखे' असते आणि तीतून सुटका नाही. मी टाळायचा विचार केला होता, आजींकडे बघून नाही टाळला. मुलांनी वरपासून खालपर्यंत झाडलं, धाकट्याने तर दोनदा, कारण पहिल्यांदा सगळा कचरा त्याने खालच्या पायरीवरच ठेवला होता.

३० ला थोरली प्रगतिपुस्तक घेऊन आली, वर्गाने सगळ्यांच्या सह्या केलेला टीशर्ट अंगात. ३१ ला सकाळी मालकीणबाई आल्या. मीटरचे आकडे, भिंतीवरची भोकं बुजवली का, किल्ल्या किती, सगळं लिहून दोघींनी सह्या केल्या. खिडक्यांच्या काचा त्यांनी बोट फिरवून पाहिल्या. डिपॉझिट तेव्हा मिळत नाही, हीटिंग-पाण्याचा वार्षिक हिशेब लागेपर्यंत त्यातला काही भाग राखून ठेवतात. म्हणून इथलं बँक खातं घाईने बंद करू नका. आमचं अजून चालू आहे, हिशेब यायचा बाकी आहे.